मुंबईची गाडी कधी धरायची

सेनगाव तालुक्यातल्या एका पोराचं पत्र आलंय. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भीमजयंतीला वस्तीत नाटक बसवतो. बाप हळदीच्या काढणीवर, माय दुसऱ्याच्या कापसात. पोरगा विचारतो, ‘मला ॲक्टर व्हायचंय. मुंबईला कधी येऊ? आत्ताच निघू का डिग्री झाल्यावर? मित्र म्हणतात वय निघून जाईल.’

दोस्तांनो, हे काही एकट्याचं पत्र नाही. असली पत्रं वसमतहून येतात, कळमनुरीहून येतात, औंढ्याहून येतात. एकेकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा ह्या अंकाचं संपादकीयच देऊन टाकतोय. चळवळीच्या फाटाफुटीवर लिहायचं सोडून हे काय नटनट्यांचं चालवलंय, असं काही साथी म्हणतील. म्हणू द्यात. जी पोरं उद्या सीएसएमटीच्या फलाटावर पिशवी घेऊन उतरणारायत ती आपलीच आहेत. त्यांची कातडी किती सोलली जाणार, हा चळवळीचाच सवाल आहे.

आधी एक सांगून टाकतो. ‘थांब’ हा शब्द आमच्या तोंडातून सहजी निघत नाही. देवळाच्या पायरीखाली थांब, विहिरीपासून लांब थांब, पंगत उठेपर्यंत थांब — बापजाद्यांनी जन्मभर हेच ऐकलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली पंधरासोळा वर्षं ‘थांबा’ म्हणण्यात गेली. त्या थांबण्यात पोचिराम कांबळे मारला गेला, घरं जळाली, आणि शेवटी १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. प्रकाश त्रिभुवनांनी औरंगाबादेत नाटक लिहिलं त्याचं नावच मुळी ‘थांबा, रामराज्य येतंय!’ तेव्हा पांढरपेशी वडीलधारी मंडळी सांगतात तसं, ‘बाळा, आधी पायावर उभा राहा, मग छंद कर’ हे आम्ही सांगणार नाही. अभिनय हा छंद नव्हे. ज्याच्या बापाला गावानं फक्त जोहार घालायचा पाट दिला, त्याच्या पोरानं रंगमंचाच्या मधोमध उभं राहणं हे छंदापेक्षा फार मोठं काम आहे.

आणि गाव सोडायचंच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याची जी सालटी काढली ती ज्यानं वाचली तो गावच्या पाणवठ्याच्या कविता करणार नाही. पण गाव सोडणं वेगळं आणि मुंबईची गाडी धरणं वेगळं. हे दोन्ही एकच समजणं हा सगळा घोटाळा आहे.

गाडीचं म्हणाल तर ती आता दारात आलीय. २०२४ साली जालन्याची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवली. वसमत, पूर्णा, परभणी, जालना, मनमाड करत ती थेट मुंबईत नेऊन सोडते. आमच्या बापांना आधी पूर्णेला जाऊन गाडी बदलावी लागायची, रात्र फलाटावर काढावी लागायची. त्या रात्रीत निम्म्यांचा विचार बदलायचा, असं आमच्याकडं चेष्टेनं म्हणतात. आता विचार बदलायलाही सवड नाही. बसलं की दादर.

दादरला उतरल्यावर काय? इथं जुन्या माणसांचे दाखले देणारे पुष्कळ भेटतील. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून बापाबरोबर चालत मुंबईला आले, मग तू का नाही? अरे, अण्णाभाऊ कलावंत व्हायला आले नव्हते. भुकेनं आणलं. कोळसा वेचला, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. तिथं कामगारांची चळवळ भेटली आणि १९४४ ला लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्या मुंबईत पोटाची जागा आणि कलेची जागा एकाच गल्लीत होती. पाळी सुटली की पेटी-ढोलकी घेऊन बसायचं. गिरणगावात कामगार रंगभूमी होती, प्रेक्षक आपलाच होता, त्याच्या खिशात पगाराचे चार पैसे होते. गावाकडून आलेल्या नवख्याला गावकीच्या खोलीत पथारी आणि खानावळीत उधारीचं ताट मिळायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर त्या मुंबईचं काय झालं ते तिथं उभे असलेले टॉवर बघून कळतं. अण्णाभाऊंची वाट आज त्या टॉवरच्या पार्किंगखाली आहे.

आजची वाट अंधेरीला जाते. ऑडिशनच्या रांगा, कास्टिंगवाले, कोऑर्डिनेटर, कार्ड, ‘प्रोफाइल पाठव’. आम्ही गोदीतली माणसं, आम्हाला ही रांग बघितल्याबरोबर ओळख पटली. ही तर गोदीच्या गेटावरची जुनी रांग. स्वातंत्र्याच्या आधी मुंबईच्या गोदीत असंच चालायचं. जहाज लागलं की गेटासमोर शेकडो माणसं, आणि टोळीवाला बोट दाखवील तो आत. ज्याच्यावर बोट नाही तो घरी, म्हणजे उपाशी. बोट आपल्याकडं वळावं म्हणून टोळीवाल्याला पैसे, त्याच्या घरचं काम. आत गेल्यावर कसलाही माल उचलायचा. डोळ्यात जाणारा, कातडी जाळणारा, फाटक्या गोणीतला. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं तर उद्या बोट फिरत नाही.

ते बदललं कशानं? टोळीवाल्यांना दया आली म्हणून नव्हे. कामगार लढले, १९४८ ला गोदी कामगारांसाठी कायदा झाला, मग डॉक लेबर बोर्ड आलं. नाव नोंदलेल्या कामगाराला पाळीनं काम, आणि जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे. एवढ्याशा हजेरीच्या पैशानं काय झालं असेल? माणूस ‘नाही’ म्हणायला शिकला. फाटकी गोणी उचलणार नाही म्हणायला लागला. १९९४ ला बोर्ड पोर्ट ट्रस्टात विलीन झालं. आज आमच्या पिढीची पोरं पुन्हा ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज पुन्हा बारीक झालाय. ती कहाणी वेगळ्या अंकाची.

सांगायचं ते हे. पडद्याच्या धंद्यात तुला काम मिळेल का, हा सवाल आम्ही महत्त्वाचा मानत नाही. काहीतरी मिळेलच. काळ्यासावळ्या, उंच गालफडाच्या, मराठवाडी बोलणाऱ्या पोराला काय मिळतं ते रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसतंय. वाड्यातला गडी. दारुडा. पाकीटमार. हिरोच्या एका ठोशात पडणारा गुंड. ‘साहेब, माझी पोरं उपाशी मरतील’ म्हणून पाय धरणारा कुणीतरी, ज्याला नावही नाही. सवाल आहे तो हा, की ह्यातलं जे नको ते तुला ‘नको’ म्हणता येईल का? तीन दिवसांचा उपाशी माणूस नको म्हणत नाही. आणि एकदा गड्याचा पाट केला की कोऑर्डिनेटरच्या वहीत तू गडीच. मग सदरा बदलतो, वाडा बदलतो, पाट तोच.

तेव्हा ‘कधी’ला आमचं उत्तर वयात नाही. ज्या दिवशी तुला नको तो पाट नाकारता येईल, त्या दिवशी गाडी धर. एकोणिसाव्या वर्षी तशी सोय झाली तर एकोणिसाव्या वर्षी ये. तिशीतही नसेल झाली तर पळभर विचार कर.

हे ताकदीचं बोलणं झालं, आता रोकड्याचं. ऑडिशन देत फिरायला दोनतीन महिने कुठं गेले कळत नाही. त्यानंतर एखाद्या मालिकेत चार दिवसांचं काम लागलं, तर त्याचे पैसे नव्वद दिवसांनी द्यायची रीत ह्या धंद्यात मुरलेलीय. म्हणजे पहिलं काम लवकर लागलं तरी पहिला पैसा हातात पडेस्तोवर सहा महिने जातात. तेवढं भाडं, तेवढं जेवण, लोकलचा पास, आणि खोलीचं डिपॉझिट, हे निघायच्या दिवशी जवळ पाहिजे. नाहीतर हातात असं काम पाहिजे जे रात्री किंवा पहाटे करून दुपार मोकळी राहील. घरचा तुकडा विकून कुणी येऊ नका. विकायला तुकडा आहेच कुणाकडं, हा भाग निराळा. सावकाराच्या पैशानं तर मुळीच नाही. खोली बघायला गेल्यावर एजंट आधी आडनाव विचारतो, ह्याचीही तयारी ठेव. आणि जो कुणी ऑडिशनसाठी फी मागतो, कार्ड काढून देतो म्हणून हजारो मागतो, फोटो आमच्याच स्टुडिओत काढा म्हणतो, तो टोळीवालासुद्धा नाही. टोळीवाला निदान जहाजावर तरी न्यायचा.

सयाजी शिंदे साताऱ्याला पाटबंधारे खात्यात वॉचमन होते, आणि पोटाचं धरूनच नाटक करत होते. १९८७ ला ‘झुलवा’ आलं तेव्हा लोकांनी त्यांना बघितलं. तो माणूस उपाशीपोटी रांगेत उभा नव्हता हे ध्यानात ठेवण्यासारखंय. आणि ते ‘झुलवा’ बसवणारे वामन केंद्रे आपल्याच मराठवाड्यातले, बीड जिल्ह्यातल्या खेड्यातले. ते हिंगोलीच्या पोरासारखे सरळ गाडीत बसून अंधेरीला गेले नाहीत. आधी औरंगाबादचं विद्यापीठ, मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग मुंबई. २०१३ ला त्याच विद्यालयाचे ते संचालक झाले.

त्यांच्या त्या वाटेकडं नीट बघा. गाव आणि मुंबई ह्यांच्यामध्ये ठेसनं आहेत. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी जीव दिले त्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे! तिथं शिकायला आपली पोरं किती जातात? नावासाठी मोर्चा काढायचा आणि नावाखालच्या वर्गात जाऊन बसायचं नाही, ह्याला काय म्हणावं. ह्याच विभागातले प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे. १९७९ ला त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा पहिला प्रयोग केला, एकटा माणूस, बावन्न पात्रं. बोली आपली, मुक्काम औरंगाबादचा, आणि प्रयोग देशोदेशी. देशपांडे होते, त्यांना वाट मोकळी होती, असं कुणी म्हणेल. खरंय. पण ज्या बोलीची लाज वाटून आपली पोरं मुंबईत पाऊल ठेवायच्या आत पुणेरी बोलायला लागतात, ती बोली त्यांनी मुंबई-पुण्याला तिकीट काढून ऐकायला लावली, हेही खरंय. मकरंद अनासपुऱ्यांनी तीच पुढं पडद्यावर नेली. आमची तक्रार एवढीच की त्या बोलीला अजून हसवायचाच पाट मिळतो. ती बोलणारा माणूस चिडू शकतो, प्रेम करू शकतो, कोर्टात उलटतपासणी घेऊ शकतो, हे दाखवायचं बाकी आहे. ते तू करशील तर कर.

नांदेडला दत्ता भगत होते. ‘आवर्त’ लिहिलं, ‘वाटा-पळवाटा’ लिहिलं, मुंबईच्या नाट्यगृहांच्या दारात जाऊन बसले नाहीत. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चाललीय, तिची केंद्रं आपल्या बाजूला लागतात. तिथं उतरा. परीक्षकांना शिव्या घालायच्या तर घाला, पण उतरून मग घाला.

आणि डिग्रीचं. नाट्य विद्यालयाच्या प्रवेशाला कुठल्याही शाखेची पदवी लागते, किमान सहा नाटकांत काम केल्याचं दाखवावं लागतं आणि वयाची अट तिशीची आहे. निवड झालेल्याला शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे तीन वर्षं पोटाची काळजी नाही. जागा मोजक्या, हे कबूल. मुंबईतच यायचं असेल तर कलिन्याला मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी २००३ पासून आहे, पुण्याला ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. विद्यार्थी म्हणून शहरात शिरलेल्याला वसतिगृह असतं, स्कॉलरशिप असते, ओळखपत्र असतं, आणि तालमीला हक्काची जागा असते. बेकार म्हणून शिरलेल्याला ह्यातलं काहीच नसतं. आम्ही मॅट्रिकवर गोदीत लागलो. आमच्यापुढं ती दारं नव्हतीच. ज्यांच्यापुढं आहेत त्यांनी बी.ए.चं शेवटचं वर्ष ‘वय निघून जाईल’ म्हणून लाथाडू नये. ‘सैराट’ २०१६ ला आला, सगळा महाराष्ट्र आर्ची-आर्ची करत होता, आणि अकलूजची रिंकू राजगुरू २०१७ ला दहावीच्या परीक्षेला बसली. तिचं वय कुठं निघून गेलं?

आता कुणी म्हणेल, कॅमेरा आता गावातच येतो, मग जायचंच कशाला? दाखले आहेत. नागराज मंजुळेनं ‘पिस्तुल्या’ नगरला शिकताना केला आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला. ‘फँड्री’तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, करमाळ्याकडचा हलगी वाजवणारा पोरगा. आणि आमचे वीरा साथीदार! नागपूरचे, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक, आयुष्य चळवळीत गेलेलं. पन्नाशीच्या पुढं होते तेव्हा चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये शाहीर नारायण कांबळे केला. चित्रपटाला २०१५ ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करला पाठवला गेला. त्यांनी ॲक्टर होण्यासाठी घर सोडलं नव्हतं. शाहिरी, सभा, पोलीस, कोर्ट, हे त्यांनी आयुष्यभर जवळून बघितलेलं होतं, कॅमेऱ्यानं ते फक्त उचललं. १३ एप्रिल २०२१ ला कोरोनानं गेले. चळवळीचा माणूस गेला असं आम्ही म्हणालो, आणि वर्तमानपत्रांनी ‘कोर्टमधील अभिनेते’ असं छापलं. दोन्ही बरोबरच.

पण हे दाखले उशाला घेऊन झोपू नका. औंढ्याच्या नागनाथाची कथा आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नामदेवाला पुढं कीर्तन करू देईनात, म्हणून तो देवळाच्या मागं जाऊन उभा राहिला, आणि देऊळच फिरलं. दगडाचं देऊळ फिरलं असेल नसेल, अंधेरी मात्र फिरत नाही. करमाळ्याकडं कॅमेरा वळला कारण करमाळ्याचा एक माणूस आधी कॅमेऱ्याच्या मागं जाऊन उभा राहिला होता. हिंगोलीचा अजून राह्यचाय. गंमत बघा, औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा उभारायला २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. लांबच्या आभाळात कृष्णविवरं धडकली की त्याची थरथर आमच्या माळावर टिपली जाणार. आणि त्याच माळावरच्या वस्तीत तालमीला एक खोली मिळायची मारामार.

पोरींबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, कारण त्यांचा हिशेब उलटा आहे. पोराला आम्ही थोडं सबुरीनं घे म्हणतो. पोरीला सबुरी म्हणजे बारावी झाली की बघायला येणारे पाहुणे. तिनं वाट बघितली तर तिच्या हातातून दिवसच जातात. आणि घरातून पहिला शब्द निघतो तो ‘नाचणारी’. ह्या शब्दामागचा इतिहास आपलाच आहे. तमाशाच्या फडावर पवळा आली ती आपल्यातलीच. टाळ्या गावानं वाजवल्या, आणि बदनामी आपल्या बायांच्या पदरात टाकली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, आणि २००२ ला त्या गेल्या तेव्हा हलाखीत होत्या. म्हणून आईबाप घाबरतात, त्यांचं भय खोटं नाही. पण त्यावर उपाय लग्न नव्हे. पोरीनं लवकर निघावं, आणि ॲडमिशन घेऊन निघावं. नांदेड, संभाजीनगर, कुठंही, जिथं समाजकल्याणचं मुलींचं वसतिगृह आहे. फॉर्मवर इतिहास लिहा, मराठी लिहा, आणि संध्याकाळी एकांकिका करा. ‘नाटकासाठी जाते’ म्हणून घरात भांडत बसण्यापेक्षा ‘शिकायला जाते’ म्हणून जास्त लवकर सुटका होते. ह्यात खोटं काही नाही, शिकायलाच जायचंय. अंधेरीत मात्र एकटीनं येऊ नका. दोघी-तिघी मिळून या, आणि रात्रीच्या ‘मीटिंग’ला बोलावणाऱ्याचं नाव आम्हाला कळवा.

आडनावाचंही एकदा बोलून टाकू. मुंबईत आल्यावर खिल्लारेचा ‘राज’ होतो, पाईकरावचा ‘आर्यन’ होतो. आम्ही कुणाला गद्दार म्हणणार नाही. खोली मिळेना म्हणून केलं असेल, सेटवर वेगळ्या नजरेनं बघतात म्हणून केलं असेल. पण जो मघाचा हिशेब तोच इथंही लागतो. ज्याच्या जवळ सहा महिन्यांचं धान्य आहे, पाठीशी चार माणसं आहेत, तो आडनाव छातीवर लावून फिरतो. मंजुळेनं मंजुळेच ठेवलं. आडनाव गळून पडतं ते भित्रेपणानं कमी आणि एकटेपणानं जास्त.

म्हणून एकटं येऊ नका, असं आम्ही पुनःपुन्हा म्हणतोय. नाटकवाल्यांची एक टोळी आधी गावाकडं बांधा. पाच जणांच्यात दोघं कमावते, दोघं शिकणारे, एक मुंबईत. मुंबईतल्याचं भाडं पहिले सहा महिने बाकीच्यांनी भरायचं, मग पाळी बदलायची. हेच आमचं लेबर बोर्ड. सरकार काढणार नाही, आपणच काढायचं. इथं आल्यावर पहिले पंधरा दिवस एका माणसाची पथारी आम्ही देतो, संध्याकाळची पाळी सुटली की यलोगेटवर भेटायचं, येण्याआधी पत्र टाकायचं.

आणि यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेत हिंगोली जिल्ह्यातून आपलं एक नाटक उतरवायचं चाललंय. संहिता नवी पाहिजे, आपल्या बोलीत, तीन पानांची एकांकिका ताणून दोन अंकी केलेली नको. लिहिणाऱ्यानं पुढच्या अंकाच्या आत पाठवावं. तालमीला जागा हिंगोलीत बघतोय, समाजमंदिराची किल्ली सध्या कुणाकडं असते ते तिथल्या साथींनी आधी शोधून कळवावं.